तारीख कोणती, आणि कागद कुणाच्या हातात?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांतली सहा या अंकासाठी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं काढली आहेत आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. सगळी पत्रं अमेरिकेच्या व्हिसाची आणि ग्रीन कार्डाची आहेत. मी वकिली तिथल्याच कायद्याची करते.

जवळजवळ प्रत्येक पत्रात एक प्रश्न असतोच : "किती वर्षं लागतील?" माझ्याकडं येणाऱ्याला मी त्याऐवजी दोन गोष्टी विचारते. तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली जागा ठरवणारी तारीख, कोणती? आणि तिचा कागद कुणाकडं आहे? पहिलीचं उत्तर पुष्कळांना अंदाजानं देता येतं. दुसरीला "कंपनीच्या वकिलाकडं असेल" म्हणतात.

या 'असेल'ची किंमत माझ्या घरानं मोजली आहे. १९९८ साली मी सांगलीहून एच-४ वर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, न्यू जर्सीत आले. जिल्हा न्यायालयात चार वर्षं वकिली केलेली. इथं नोकरीला परवानगी नव्हती, शिकायला होती. नवऱ्याच्या कंपनीचा वकील अडीच वर्षं "फाइल चालू आहे" एवढंच सांगत राहिला. पावती मागायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. २००१ च्या मंदीत कंपनी बंद पडली तेव्हा कळलं, की लेबर, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं श्रम खात्याकडून घ्यायची मंजुरी, मिळून तसंच पडलं होतं, पुढचा आय-१४०, म्हणजे कर्मचाऱ्यासाठी कंपनीनं करायचा अर्ज, कुणी भरलाच नव्हता. कंपनी गेली, तिच्याबरोबर आमची तारीखही गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इथला इमिग्रेशन कायदा मी शिकायला घेतला तो त्याच वर्षी.

एक पत्र सगळ्यांत आधी घेते, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

"ताई, लग्नाला दीड वर्ष झालं. मी एच-४ वर, नवरा एच-१बी वर. माझा पासपोर्ट त्यानं कुलपात ठेवलाय. हात उचलतो. 'एक ईमेल टाकला की तू डिपोर्ट होशील' म्हणतो. घरी सांगितलं तर 'थोडं सांभाळून घे' म्हणतात. मला उत्तर पाठवू नका, तो फोन तपासतो." (टेक्सास)

तुला 'तू' म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

तो म्हणतो ते खोटं आहे. व्हिसावर रीतसर आलेल्या माणसाला नवऱ्याच्या ईमेलनं कुणी देशाबाहेर काढत नाही. त्याला प्रक्रिया असते, न्यायाधीश असतो. मारहाण हा मात्र गुन्हा आहे, आणि तो तुझ्या नवऱ्याच्या व्हिसाला जड जाणारा आहे. अंगावर आला तर ९११ लाव. इंग्रजी सुचेना तर "मराठी" किंवा "हिंदी" एवढा एक शब्द म्हण, दुभाषा मागता येतो. राष्ट्रीय मदतवाहिनी १-८००-७९९-७२३३ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. फोन तुझा नको. वाचनालयातला, शेजारणीचा, देवळातला वापर. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी हेच काम करते.

पासपोर्ट भारत सरकारचा आहे, नवऱ्याचा नाही. मिळत नसेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून ह्यूस्टनच्या भारतीय वकिलातीत नवा मागता येतो. तोवर पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाचं पान यांचे फोटो कधी हाती लागले तर भारतात भरवशाच्या माणसाकडं पाठवून ठेव. पासपोर्टचा क्रमांक हाताशी असला की आय-९४, म्हणजे देशात कधी आलीस आणि कधीपर्यंत राहता येईल याची नोंद, सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो. डॉक्टरची चिठ्ठी, फुटलेल्या वस्तूंचे फोटो, त्याचे मेसेज, सगळं जपून ठेव. मात्र घरात नाही.

कायद्यानं वाटा आहेत. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्नीला स्वतःच्या नावानं ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, तोही त्याच्या नकळत. ती माहिती त्याला कळवायला कायद्यानं मनाई आहे. तुझा नवरा एच-१बी वर आहे म्हणून ही वाट तुला नाही. पण एच व्हिसाधारकाकडून छळ सोसणाऱ्या पत्नीला काम करण्याच्या परवान्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. आणि गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना सहकार्य करणाऱ्या पीडितेसाठी यू व्हिसा आहे. तो वर्षाला १०,००० एवढेच देतात, रांग मोठी आहे, पण रांगेत उभं राहणं आणि रांगेतच नसणं यांत फार अंतर आहे.

दोन ठिकाणी सावध राहा. घटस्फोटाचा हुकूम झाला की एच-४ संपतो, म्हणून कशावरही सही करण्याआधी कौटुंबिक आणि इमिग्रेशन अशा दोन्ही वकिलांना भेट. आणि "चार आठवडे घरी जाऊन येऊ" असं तो अचानक प्रेमानं म्हणाला, तर तिकिटाआधी वकिलाला विचार. सासरी सोडून, पासपोर्ट काढून घेऊन नवरा एकटाच परत आल्याची प्रकरणं माझ्या कपाटात आहेत.

हे सदर पुण्या-कोल्हापुरातही वाचलं जातं. मुलीच्या आईवडिलांनो, ती सांगते आहे तोवर ऐका.

"एच-१बी वर नववं वर्ष. २०१९ मध्ये आय-१४० मंजूर. गेल्या शुक्रवारी नोकरी गेली. दोन महिन्यांचा पगार देणार आहेत. कंपनी आय-१४० मागं घेईल म्हणतात. रांगेतली इतकी वर्षं वाया गेली का?" (ऑस्टिन)

नाही, वाया गेली नाहीत. पण आजपासून कॅलेंडर भिंतीवर लावा.

नोकरी सुटल्यावर ६० दिवस मिळतात. आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. हे दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. दोन महिन्यांचा पगार हाती येणार म्हणून ते पुढं सरकत नाहीत, आणि लोक नेमके इथंच चुकतात. या ६० दिवसांत नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज दाखल झाला पाहिजे. नुसतं ऑफर लेटर पुरत नाही. अर्ज दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता कामावर जाता येतं.

एच-१बी ची सहा वर्षांची मर्यादा तुम्ही केव्हाच ओलांडली आहे. ती ओलांडता येते २००० सालच्या एका कायद्यामुळं : आय-१४० मंजूर असेल आणि तारीख करंट नसेल, म्हणजे रांगेतली पाळी आली नसेल, तर तीन-तीन वर्षांची मुदतवाढ. कंपनीनं आय-१४० मागं घेतला तर काय, याचं उत्तर जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमात आहे. मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील, तर कंपनीनं मागं घेतल्यानं तो रद्द होत नाही. तुमच्या मंजुरीला कितीतरी वर्षं झाली. मुदतवाढही त्यावर मिळेल आणि प्रायॉरिटी डेटही तुमचीच राहील. नव्या कंपनीला लेबर आणि आय-१४० पुन्हा करावे लागतील, तारीख मात्र जुनी लागेल. ती फक्त फसवणूक, खोटी माहिती, लेबर रद्द होणं किंवा मंजुरीतच मोठी चूक निघणं अशा कारणांनीच जाते.

म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी आय-१४० च्या मंजुरीचा आय-७९७, म्हणजे सरकारचं मंजुरीपत्र, तुमच्याकडं आहे का पाहा. हा कागद कंपनीच्या आणि तिच्या वकिलाच्या नावानं येतो, कर्मचाऱ्याला आपोआप मिळत नाही. एचआरला सरळ लिहून मागा. नाहीच दिला, तर माहितीच्या कायद्याखाली सरकारकडून आपल्या फाइलची प्रत मागवता येते. वेळ लागतो, पण मिळते.

आणखी दोन हक्क सांगते, कारण कंपन्या ते सांगत नाहीत. मुदतीआधी कामावरून काढलं तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च कंपनीनं द्यायचा असतो. आणि लेबरचा खर्च, वकिलाच्या फीसह, २००७ पासून कंपनीनंच करायचा आहे. "अर्धे पैसे तू भर" म्हणणारी नवी कंपनी भेटली तर तिथं जाऊ नका.

नोकरी वेळेत मिळेना, तर ६० दिवस संपायच्या आत बी-२ या पर्यटक व्हिसासाठी अर्ज करून थांबता येतं, पण काम करता येत नाही. पत्नीचं एच-४ वरचं कामही थांबतं. हा वेळ पूर्वीपेक्षा महाग झाला आहे. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेनं देशाबाहेर असलेल्या, वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भरणा लावला आहे. देशात राहून वैध स्थितीत कंपनी बदलणाऱ्याला तो लागत नाही. म्हणून "आधी घरी जातो, मग बघू" असं या घडीला करू नका.

पत्नीच्या ईएडीची, म्हणजे कामाच्या परवान्याची, मुदत संपत आली असेल, तर सहा महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज भरा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना आपोआप मिळणारी वाढ बंद झाली आहे.

"मुलानं चार वर्षांपूर्वी माझं ग्रीन कार्ड केलं. मी वर्षातले आठ-नऊ महिने सांगलीतच असते. सहा महिन्यांच्या आत एकदा जाऊन आलं की कार्ड टिकतं असं सगळे सांगतात. या वेळी विमानतळावर अधिकाऱ्यानं फार उलटसुलट विचारलं. मी घाबरून गेले." (वय ६८)

काकू, तुमचं पत्र वाचताना माझी आईच डोळ्यांसमोर आली. तीही अशीच दोन घरांत विभागलेली होती.

'सहा महिन्यांत टेकून यायचं' हा नियम कुठल्याच कायद्यात नाही. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर परत येताना नव्यानं प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. वर्षापेक्षा जास्त राहिलात, तर नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. पण त्याआधी आलात म्हणून सगळं ठीक, असंही नाही. अधिकारी पाहतो ते एकच : तुमचं घर कुठं आहे? औषधं कुठली चालू आहेत, करविवरण भरता का, परतीचं तिकीट कधीचं आहे. मे महिन्यात आलात आणि ऑगस्टचं सांगलीचं तिकीट पर्समध्ये आहे, तर तुम्ही पाहुण्या आहात असं त्याला वाटणारच.

अधिकाऱ्यानं आय-४०७ नावाचा फॉर्म पुढं केला, तर सही करू नका. तो कार्ड राजीखुशीनं सोडल्याचा फॉर्म आहे. "मला इमिग्रेशन न्यायाधीशापुढं जायचं आहे," असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. हे वाक्य मुलाकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि पासपोर्टमध्ये ठेवा.

काही कारणानं, म्हणजे काकांचं आजारपण, गुडघ्याचं ऑपरेशन, सांगलीला लांब राहायचं असेल, तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढा. अर्ज भरताना तुम्ही अमेरिकेत असायला हव्यात, बोटांचे ठसेही तिथंच देतात. परमिट दोन वर्षांपर्यंत चालतं.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, मुलगा रागावला तरी चालेल. कार्ड ठेवायचं की नाही, हा प्रश्न स्वतःला विचारा. कार्ड आहे तोवर तुम्ही अमेरिकेच्या कायम रहिवासी, म्हणजे सांगलीच्या बँकेतल्या ठेवींचं व्याज, पेन्शन, पोस्टातली मासिक योजना, सगळं अमेरिकेच्या करविवरणात दाखवायचं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचं वेगळं विवरण भरायचं. न भरल्याचा दंड जबर आहे. माझ्याकडं येणाऱ्या दहा मुलांतल्या आठांनी आईला हे सांगितलेलं नसतं. मेडिकेअर विकत घ्यायला पाच वर्षं सलग राहिलेलं लागतं, आणि तुमचं वास्तव्य तसं नाही. ज्यांचं मन सांगलीत आहे त्यांच्यासाठी कार्ड रीतसर परत करून पर्यटक व्हिसा घेणं हा मानाचा मार्ग आहे. व्हिसा मिळेलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, पण आपणहून कार्ड परत करणाऱ्याची नोंद स्वच्छ असते. मी माझ्या आईचं असंच केलं. पुढं पाच वेळा ती आली आणि दर वेळी विमानतळावर निवांत होती.

तुम्हाला खरंच मुलाजवळ राहायचं असेल तर मग राहा. गच्चीतली तुळस तिथं न्या.

"मुलगी पुढच्या मार्चमध्ये २१ ची होते. दुसरीत होती तेव्हा आलो. माझा आय-१४० मंजूर आहे, तारीख करंट व्हायला थोडंच राहिलंय. ती रांगेबाहेर पडेल?" (कॅलिफोर्निया)

या एका प्रश्नावर मी आजवर सगळ्यात जास्त बापांना माझ्यासमोर रडताना पाहिलं आहे.

आधी रांग एवढी का, ते. १९९० च्या कायद्यानं नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली, बायकामुलं धरून. कुठल्याही एका देशाला त्यातली साधारण ७ टक्के. ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या वर्गाच्या वाट्याला यातली सुमारे ४०,००० येतात, आणि त्याचे ७ टक्के म्हणजे २,८००. दुसऱ्या देशांची उरलेली कधी मिळतात, कधी नाही. १९४६ साली हिंदुस्थानला वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला होता, तेव्हा तो विजय मानला गेला. आज दहा वर्षांहून जुन्या तारखांचे लोक वाट पाहत आहेत, आणि आकडा ३५ वर्षांपूर्वीचा आहे. हा अन्याय आहे असं मी न्यायालयाबाहेर आणि आतही म्हणते.

आता तुमची मुलगी. २००२ च्या कायद्यानं मुलाचं वय मोजायची एक रीत दिली आहे. तारीख करंट होईल त्या दिवशीचं मुलीचं वय घ्यायचं. त्यातून आय-१४० दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत गेलेले दिवस वजा करायचे. उत्तर २१ च्या खाली आलं, तर ती वाचली. तुम्ही कळवलंत की तुमच्या आय-१४० ला १४ महिने लागले. तेव्हा वैतागला असाल. तेच १४ महिने आज मुलीची शिदोरी आहेत. ती २२ वर्षं २ महिन्यांची व्हायच्या आत तारीख करंट झाली, तर ती तुमच्याबरोबर आहे. ज्यांनी लवकर निकालासाठीची प्रीमियम फी भरून पंधरवड्यात मंजुरी घेतली, त्यांच्या मुलांच्या पदरात वजा करायला जवळजवळ काही नसतं. मुलं दहा-बारा वर्षांची असताना प्रीमियम भरायची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

'करंट' कोणत्या तक्त्यानं धरायचं, यावर गोंधळ आहे. रांग कुठवर आली हे सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये दर महिन्याला दोन तक्ते येतात : अर्ज कधी भरता येईल त्याचा 'डेट्स फॉर फायलिंग', आणि कार्ड कधी देता येईल त्याचा 'फायनल ॲक्शन डेट्स'. २०२३ पासून काही काळ 'डेट्स फॉर फायलिंग' धरून वय गोठत होतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांना 'फायनल ॲक्शन डेट्स'चाच तक्ता लागतो. जुनी माहिती वाचून निर्धास्त राहू नका. तारीख करंट झाल्यावर एका वर्षाच्या आत मुलीचा अर्जही गेला पाहिजे.

आणि एक फट, जिच्यात हुशार माणसंही पडतात. वयाचं हे गणित ग्रीन कार्डासाठी आहे, एच-४ साठी नाही. एच-४ वाढदिवसालाच संपतो. म्हणून मार्चच्या पुष्कळ आधी, आत्ताच, एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करा. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला उद्याच फोन करा, त्यासाठी लागणारा आय-२० हा कॉलेजचा दाखला तेच देतात. मुलीला हे सगळं समजावून सांगा. ती लहान नाही, आणि तिचं आयुष्य कोणत्या तारखेवर टांगलं आहे हे तिला कळलं पाहिजे.

"मी नागरिक झालो, आईचं ग्रीन कार्ड करायचंय. आईचा जन्म १९५९ चा, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातला, जन्मदाखला नाही. माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललं. माझ्या जन्मदाखल्यावर तिसरंच, घरातलं हाक मारायचं नाव आहे." (न्यू जर्सी)

नागरिकाच्या आईवडिलांना रांग नाही. तुमची अडचण रांगेची नाहीच, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेल्या नावाची आहे. आपल्याकडं लग्नात बाईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदलतात, आणि कागद मात्र जागच्या जागी राहतात. तिकडच्या अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका दिसतात.

सगळ्यांत मोठा कागद तुमचा जन्मदाखला आहे, आईचा नव्हे. त्यावर आई म्हणून तीच आहे हे सिद्ध करायचं असतं. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज करा. दुरुस्ती झाली तरी जुना दाखला फेकू नका, दोन्ही जोडा. मग साखळी बांधायची : माहेरचं नाव असलेला शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची नोंद, सासरचं नाव असलेलं रेशन कार्ड आणि पासपोर्ट. लग्नाची नोंद तेव्हा केली नसेल तर आताही करता येते. शेवटी, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं आईचं प्रतिज्ञापत्र.

आईच्या जन्माचं म्हणाल, तर जन्ममृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १ एप्रिल १९७० पासूनचा. त्याआधीच्या जन्मांना दाखला नसणं तिथल्या यंत्रणेला ठाऊक आहे. ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयाकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या. त्याबरोबर शाळेचा दाखला आणि जन्माची स्वतः माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. मामा, मावशी, आत्या. तारीख, गाव, आईवडिलांची नावं आणि 'मला हे कसं माहीत' हे त्यात आलं पाहिजे. हे काम आज करा. माझ्या एका अशिलाच्या मामांचं वय ८७ होतं. तो "दिवाळीनंतर गावी जातो" म्हणाला, आणि दिवाळीआधी मामा गेले.

नवा, आता उशिरा नोंदवलेला जन्मदाखला एकटाच पाठवू नका, त्यानं संशय वाढतो. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा. भाषांतर करणाऱ्यानं 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि बरोबर आहे' असं लिहून सही करायची. महागडी एजन्सी लागत नाही, मराठी-इंग्रजी नीट येणारा ओळखीचा माणूस चालतो. तुम्ही स्वतः करू नका. आईच्या खर्चाची हमी देणारा आय-८६४ भराल तेव्हा तो वाचून भरा. ती हमी आई नागरिक होईपर्यंत किंवा ४० तिमाह्यांचं काम तिच्या नावावर जमेपर्यंत कायद्यानं बांधते.

"भावानं २०१२ मध्ये माझ्यासाठी अर्ज केला. मुलगा तेव्हा १० वर्षांचा होता. त्याला अमेरिकेत नेता येईल ना? आणि सध्या भाचीच्या लग्नाला जायचंय, पर्यटक व्हिसाच्या अर्जात हे सांगायचं का?" (नाशिक)

मुलाचं आधी. भावंडांच्या वर्गात जगभरासाठी वर्षाला ६५,००० कार्डं आहेत, आणि भारताची रांग पंधरा वर्षांहून मोठी आहे. अर्ज मंजूर व्हायला किती दिवस लागले ते वजा करूनही तुमच्या मुलाचं वय २१ च्या खाली येईल, असं मला वाटत नाही. त्याचं शिक्षण, नोकरी, लग्न, कशालाही या अर्जासाठी थांबवू नका. तुमचा आणि तुमच्या मिस्टरांचा हक्क कायम आहे.

व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का' असा सरळ प्रश्न आहे. उत्तर 'हो'. एजंट 'नाही' लिहायला सांगेल. ती खोटी माहिती ठरते, आणि तिच्यामुळं कायमची बंदी येऊ शकते, भावाच्या अर्जासकट. मुंबईच्या मुलाखतीत विचारलं तर लग्नपत्रिका दाखवा, नाशिकमधलं घर, नोकरी, परत यायची कारणं सांगा. तिथं पोहोचल्यावर पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा पाहू नका. किती राहायचं ते आय-९४ वरची तारीख ठरवते. ती १८० दिवसांहून जास्त ओलांडून परतलात तर तीन वर्षांची बंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त ओलांडलीत तर दहा.

भावाला अर्जाची पावती शोधायला सांगा आणि तिचा फोटो तुमच्याकडं ठेवा. २०१२ नंतर तुम्ही घर बदललं असेल, तर नवा पत्ता कळवलाय का, तेही विचारा.